मित्राच्या अक्षरातली सीडी

पत्र थोडक्यात असं आहे :

मी ४६ वर्षांचा, ठाण्यात राहतो. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेलीय, महिनाअखेर घर रिकामं करायचंय. माळ्यावरचं सामान उतरवताना सीड्यांचा खोका निघाला. मोजल्या, तर १८० भरल्या. १९९७ ते २००१ मी पुण्याला हॉस्टेलवर होतो. खोलीतल्या मित्रानं आणि मी पैसे जमवून सीडी रायटर घेतला होता. त्यावर आम्ही रात्र रात्र बसून सीड्या केल्या. काही विकतच्याही आहेत, कर्वे रोडच्या अलूरकरांकडून घेतलेल्या, पुढे नोकरीला मुंबईत आल्यावर ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेल्या. घरी केलेल्या सीड्यांवर बहुतेक त्याचंच अक्षर आहे. निम्म्या तरी त्याच्या असतील, हॉस्टेल सोडताना वाटणी करायची राहूनच गेली.

या मित्राशी मी चौदा वर्षं बोललेलो नाही. त्याचं घर गोंदियाला, त्यामुळे कॉलेजची चारही वर्षं तो दिवाळीला आमच्याकडे मिरजेला आला. बाबांचा फार लाडका होता. २०११ साली बाबा गेले. तो आला नाही, फोनही केला नाही. त्याला कळलंच असणार, बॅचमधल्या दोघातिघांना कळलं होतं. त्यानं मुद्दाम टाळलं असणार. मग मीही फोन केला नाही.

खोक्याच्या तळाशी एक सीडी मिळाली. तिच्यावर त्याच्या अक्षरात लिहिलंय, 'काका – मिरज – दिवाळी २०००'. बाबा शाळामास्तर, पण पेटी छान वाजवायचे, भजनी मंडळात गायचे. त्या दिवाळीत मित्रानं टेपरेकॉर्डर लावून त्यांचं गाणं-बोलणं भरून घेतलं होतं आणि पुण्याला जाऊन त्याची सीडी केली होती. ती मी अजून ऐकलेली नाही, लावायला घरात काही उरलेलंच नाही. आई मिरजेलाच असते, ७४ वर्षांची आहे. बायको म्हणते, सगळं मोबाइलवर मिळतं, चार सीड्या बाल्कनीत कबुतरांसाठी टांगू, बाकीच्या भंगारात दे. मला वाटतं, त्याच्या सीड्या कुरिअरनं पाठवून द्याव्यात आणि हिशेब संपवावा. तो आता सगळं विसरला असणार. काय करू?

– ठाण्याचा एक वाचक

*

तुमच्या पत्रातला क्रम मी आधी उलटा करते. तुम्ही खोक्यापासून सुरुवात केलीत, मग मित्र, मग बाबांची सीडी, मग भंगार आणि कुरिअर. आधी बाबांची सीडी. घर बदलायची घाई असली तरी तिच्यासाठी एक संध्याकाळ काढा, आणि ती याच आठवड्यात काढा. नव्या जागेत खोके लावून झाल्यावर निवांत बघू, असं म्हणू नका.

याला कारण आहे. विकतची सीडी आणि घरी केलेली सीडी दिसायला सारख्या, पण घडण वेगळी. विकतच्या सीडीत कारखान्यातच प्लॅस्टिकवर बारीक खड्डे दाबून काढलेले असतात, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर. घरी केलेल्या सीडीत खड्डे नसतात, रंगद्रव्याचा एक थर असतो. रायटरमधला लेझर तो जागोजागी भाजतो आणि त्या खुणा म्हणजेच तुमचा आवाज. खालून ती सीडी हिरवट किंवा निळसर दिसते ती त्या थरामुळे. या रंगाला ऊन, उष्णता आणि दमट हवा तिन्ही सोसत नाही. ठाण्याचा माळा म्हणजे मे महिन्यात तापलेला स्लॅब आणि त्यापाठोपाठ चार महिने पावसाची ओल. असे वीसेक उन्हाळे-पावसाळे त्या सीडीनं काढलेत. घाबरू नका, त्या काळातल्या कितीतरी सीड्या आजही पहिल्या फटक्यात वाजतात. पण वाजणार की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. विकतच्या सीड्या आणखी दोन वर्षं थांबतील. त्याच्या अक्षरातल्या सीड्या थांबतीलच असं नाही. आपण नेमकं उलटं करतो, चकचकीत कव्हरवाल्या जपून ठेवतो आणि मार्करनं लिहिलेल्या भंगाराच्या पिशवीत टाकतो. हे तुमच्यासारखा खोका उतरवून बसलेल्या सगळ्यांसाठीच लिहिते आहे.

आता हातात घ्याल तेव्हा काय करायचं, ते नीट सांगते, कारण नासधूस बहुतेक वेळा प्रेमापोटीच होते.

सीडी कडेला धरा. धूळ असली तर खालची बाजू मऊ सुती कापडानं पुसा, मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. सीडीतला आवाज गोल फिरत जाणाऱ्या एकाच लांब रेघेत साठवलेला असतो. आडवा ओरखडा त्या रेघेला जरासाच छेदतो आणि यंत्र तेवढं भरून काढतं. गोल ओरखडा मात्र रेघेच्याच वाटेनं जातो, तिथे यंत्राला फारसं काही करता येत नाही. चिकटपणा असेल तर पाण्यात लिक्विड सोपचा एक थेंब पुरतो. आणि वरची बाजू, जिच्यावर लिहिलंय, तिला सगळ्यात जास्त जपा. पुष्कळांना वाटतं की खालची चमकती बाजू नाजूक. खरं तर खाली जाड प्लॅस्टिकचं कवच आहे. आवाजाचा थर वरच्या बाजूलगत असतो आणि त्याच्यावर लाखेसारखा पातळ लेप, बस. कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ते सोलू नका, त्याबरोबर थरही निघून येतो. स्पिरिट लावू नका. त्यानं 'काका – मिरज' ही अक्षरं पुसली जातील, आणि ती अक्षरंही या ठेव्याचाच भाग आहेत.

ड्राइव्ह विकत घ्यायलाच हवा असं नाही. यूएसबीनं जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह ऑफिसात, शेजारी, एखाद्या फोटो स्टुडिओत मिळतो. एकावर वाचली नाही तर दुसऱ्यावर बघा. जुन्या डेस्कटॉपमधला ड्राइव्ह कधी कधी नव्यापेक्षा बरा वाचतो. मधल्या भोकाजवळ तडा दिसला तर मात्र आत घालू नका. वेगानं फिरताना ती आतच फुटू शकते.

आणि एक फसगत सांगते, हिच्यापायी लोकांनी सीड्या टाकून दिलेल्या आहेत. गाण्याची सीडी कॉम्प्युटरमध्ये उघडली की 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा फायली दिसतात. माणूस त्या कॉपी करून ठेवतो, म्हणतो झालं काम. त्या फायली जेमतेम एक केबीच्या असतात, त्यांत आवाज नसतोच. ट्रॅक कुठे सुरू होतो याची ती नुसती चिठ्ठी असते. आवाज काढून घ्यायला 'रिप' करावं लागतं. विंडोज मीडिया प्लेयरमध्ये सोय आहे, पण खराब सीडीसाठी एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर जास्त चिवट आहे, अडलेल्या जागी ते पुन्हा पुन्हा वाचतं. या सीडीची फाइल एमपीथ्री करू नका, वेव्ह किंवा फ्लॅक ठेवा, या प्रकारांत आवाज जसाच्या तसा राहतो. एमपीथ्री करताना आवाजातलं थोडं कायमचं जातं, आणि इथे दुसरी मूळ प्रत बाजारात मिळणार नाही. पूर्ण भरलेल्या सीडीची वेव्ह ७५०-८०० एमबीच्या आसपास होते, फ्लॅक साधारण निम्मी. प्रती दोन करा आणि दोन गावांत ठेवा, एक ठाण्यात, एक मिरजेला.

काढून झाल्यावर फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. तेव्हा एकटे असाल तर बरं.

आणि नाहीच वाचली तर? तर थांबा. टूथपेस्ट घासू नका, यूट्यूबवरचे उपाय करू नका. तुम्ही लिहिलंय की मित्रानं टेपरेकॉर्डर लावला होता. म्हणजे ही सीडी मूळ नव्हे, ती नक्कल आहे. मूळ आहे ती कॅसेट. कॅसेटही जुनी होते, पण तिचं जुनं होणं वेगळं. खरखर वाढते, आवाज दबतो, तरी माणूस ऐकू येत राहतो. सीडीचं तसं नाही, तिचा आवाज हळूहळू दबत नाही, जो भाग वाचला जात नाही तिथे ती अडखळते किंवा मुकीच होते. कॅसेट कुठे आहे, याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. माझा अंदाज आहे की ती तुमच्या खोक्यात नाही. ज्यानं भरली त्याच्याकडे असेल, किंवा त्याच्याकडूनही हरवली असेल. पण विचारायचं झालं तर एकाच माणसाला विचारता येईल.

आता त्या माणसाबद्दल. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात एक शब्द तीनदा येतो, 'असणार'. कळलंच असणार. मुद्दाम टाळलं असणार. विसरला असणार. आणि एक वाक्य कुठेच नाही, 'मी त्याला कळवलं होतं.' मी तुम्हाला दोष देत नाही. घरात माणूस गेलेलं असताना कोणाकोणाला कळवायचं याची यादी मुलगा करत नाही, ती कुणीतरी काका-मामा करतात, आणि हॉस्टेलचा मित्र नातेवाइकांच्या यादीत बसत नाही. बॅचमधल्या दोघातिघांना कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं, हे त्या दिवसांत वाटणं साहजिक आहे. पण चौदा वर्षांची अढी ज्या गोष्टीवर उभी आहे ती तुम्हाला ठाऊक नाही, ती तुम्ही धरून चाललेले आहात. बाबा गेले हे त्याला आजही माहीत नसेल, अशीही शक्यता आहे. तुम्ही ती एकदाही तोलून बघितलेली नाही.

दुसरीही शक्यता आहे आणि ती लपवणार नाही. त्याला कळलं असेल आणि तो आला नसेल. धीर झाला नसेल, किंवा आज नको उद्या करत महिना गेला असेल आणि मग कोणत्या तोंडानं फोन करू असं झालं असेल. तसं असेल तर तो चुकला. लाडक्या माणसाच्या घरी दुःख झालं असताना दाराशी न येणं ही लहान गोष्ट नाही, तुमचं दुखणं खरं आहे. फक्त त्याच्यावर चिडायचं तर खात्रीनं चिडा.

या सीडीला त्यानं काय केलं होतं, तेही आठवून बघा, कारण तुम्ही त्याच खोलीत होतात. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर आवाज घ्यायचा म्हणजे तासाची टेप तासभर वाजवावी लागायची, मध्ये कुणी दार आपटलं तर पुन्हा पहिल्यापासून. मग कूल एडिटसारख्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये बसून खोकला, ढणढण, रिकामी जागा कापायची. मग राइट करायचं. चारपट वेगाच्या रायटरवर ७४ मिनिटांच्या सीडीला अठरा-एकोणीस मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ माउसला हात लावायचा नाही, कारण कॉम्प्युटर जरा अडखळला की कोरी सीडी फुकट. हे सगळं एका विशीतल्या मुलानं मित्राच्या वडिलांसाठी केलं आणि वर 'काका' असं लिहिलं. यानं २०११ चं न येणं भरून निघत नाही. पण हिशेब मांडायचाच असेल तर ही रक्कमही त्यात धरावी लागेल.

म्हणून कुरिअरचा विचार मला पटत नाही. आपल्याकडे शेजारणीचा डबाही रिकामा परत करत नाहीत, तिळगुळाचे चार दाणे तरी घालतात. चौदा वर्षांनी एक शब्द न लिहिता खोका दारात येऊन पडला तर त्याचा अर्थ एकच होतो, तुझं काही ठेवायचं नाही मला. तुम्हाला खरंच तेच म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, तो तुमचा हक्क आहे. पण तसं असतं तर तळाची सीडी सापडल्यावर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं असं वाटतं.

काहीच न करणं हाही पर्याय आहे आणि तो वाईट नाही. सीड्या ठेवून घ्या, बाबांचा आवाज काढून घ्या, मित्राचा विषय बंद. पुष्कळ मैत्र्या अशा संपतात आणि माणसं पुढे नीट जगतात. तुम्हाला तो फोन करण्याची ताकद आज नसेल तर नका करू. फक्त सीडी वाचली नाही तर कॅसेटसाठी फोन करावाच लागेल, आणि मग तो गरजेपोटी केलेला फोन होईल. त्यापेक्षा गरज उभी राहण्याआधी केलेला बरा, असं माझं मत आहे.

करायचाच झाला तर आधी मेसेज पाठवा, म्हणजे समोरच्याला श्वास घ्यायला जागा मिळते. 'कसा आहेस, खूप दिवसांनी' अशी सुरुवात नको. साधारण असं लिहा : "घर बदलतोय. तुझ्या अक्षरातली 'काका – मिरज – दिवाळी २०००' सीडी सापडली. बाबा २०११ साली गेले. तेव्हा मी तुला स्वतः कळवलं नव्हतं. ही सीडी तू केलेली, म्हणून तुला सांगावंसं वाटलं." एवढंच. कॅसेटचा विषय पहिल्या मेसेजात आणू नका, नाहीतर सगळा मेसेज कॅसेटसाठीच होता असं वाटेल. 'तू का आला नाहीस' हेही त्यात नको. तो प्रश्न विचारायचा आहे, पण समोरासमोर किंवा निदान फोनवर. उत्तर आलं नाही तर महिनाभर वाट बघा आणि दुसरा मेसेज करू नका. तुमच्या बाजूनं निरोप पोचलेला असेल, २०११ मध्ये राहिलेला.

उत्तर आलं, तर त्याला सीड्या हव्यात का विचारा. त्याच्या घरीही ड्राइव्ह नसेल. बाबांच्या सीडीची प्रत मात्र न मागता पाठवा.

बाकीच्या खोक्याबद्दल थोडक्यात. तुमच्या पत्नीला मी विरोधात धरत नाही. घर हलवण्याचा भार तिच्याही डोक्यावर आहे, आणि १८० सीड्या कव्हरसकट ओळीनं लावल्या तर पावणेदोन मीटरहून जास्त फळी अडते. भाड्याच्या घरात एवढी फळी कुठली आणायची? पण प्लॅस्टिकची कव्हरं काढून सीडी आणि आतला कागद साध्या पाकिटांत घातला, तर सगळं बुटांच्या दोन-तीन खोक्यांत मावतं. तिला 'टाकायच्या की ठेवायच्या' असं विचारण्याऐवजी ही जागा दाखवा. वाद अर्धा होईल. ते खोके कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा, माळ्यावर नको. मऊ प्लॅस्टिकच्या कप्प्यांचे चेनवाले फोल्डर टाळा, दमट हवेत सीडी त्यांना चिकटते.

'सगळं मोबाइलवर मिळतं' हे बरंचसं खरं आहे, पूर्ण खरं नाही. सिनेमातली गाणी बहुतेक मिळतील, त्या सीड्या खुशाल द्या. पण अलूरकरांनी नुसतं दुकान चालवलं नाही, शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणं स्वतः प्रसिद्धही केली. अशा छोट्या प्रकाशनांचं एकेक नाव शोधून बघा आणि तेच ध्वनिमुद्रण आहे ना, हे ऐकून खात्री करा. त्याच गायकाचा तोच राग म्हणजे तीच मैफल नव्हे. ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं. त्याची किमतीची चिठ्ठी कव्हरवर राहिली असेल तर एखादं कव्हर तिच्यासाठी ठेवलंत तरी कुणी नावं ठेवणार नाही. गावातलं संगीत विद्यालय, वाचनालय, शिकणारी मुलं यांना आधी विचारा, घेतात. कबुतरांसाठी टांगायच्या तर ज्या वाजतच नाहीत त्या टांगा, पण आधी उलटून वरचं अक्षर बघा.

आणि आई. तुम्ही पत्रात तिचा उल्लेख एका ओळीत केलाय, पण या सीडीवर तिचा हक्क तुमच्याहून मोठा आहे. फाइल हातात आली की फोनवर लगेच ऐकवायचा मोह होईल. तसं करू नका. चौदा वर्षांनी नवऱ्याचा आवाज अचानक कानावर पडणं सगळ्यांना झेपत नाही, आणि फोन ठेवल्यावर ती घरात एकटी असेल. मिरजेला जा. आधी नुसतं सांगा, असं असं सापडलंय, ऐकायचंय का, कधी ऐकायचं. ती आज नको म्हणाली तर फाइल तिच्याकडे ठेवून या. हो म्हणाली तर वही-पेन घेऊन शेजारी बसा. पेटीवर बाबा आहेत हे तुम्ही ओळखाल. पण तबल्यावर कोण, मागे झांज कोण वाजवतंय, मध्येच हसणारी बाई कोण, हे आता तिलाच माहीत असेल. ती सांगेल तसं लिहून घ्या, ट्रॅकचा आकडा घालून.